तुम्ही विचारलंत म्हणून: डॉट कॉम मिळत नाही, डॉट शॉप घेऊ का?

घरगुती मसाले विकणाऱ्यांपासून कोकणात होमस्टे चालवणाऱ्यांपर्यंत अनेक जण हे विचारतात. वेबसाइटसाठी हव्या त्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी आधीच घेतलेलं असतं आणि त्याच नावाचं डॉट शॉप किंवा डॉट ऑनलाइन दीड-दोनशे रुपयांत समोर दिसतं. माझं सांगणं एवढंच, की हा निर्णय पहिल्या वर्षाच्या किमतीवर घेऊ नका. रिन्यूअलचा दर शोधा, तो बारीक अक्षरांत कुठेतरी लिहिलेला असतो. पहिलं वर्ष दोनशे आणि पुढचं प्रत्येक वर्ष दोन-तीन हजार, असा फरक सर्रास असतो. पाच वर्षांची बेरीज करा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, मग तुलना करा.

डॉट कॉमचा घाऊक दर किती वाढवायचा यावर कराराने मर्यादा आहे. २०१३ पासून आलेल्या नव्या एक्स्टेन्शनांना, म्हणजे नावाच्या शेवटी येणाऱ्या डॉट शॉप, डॉट ऑनलाइनसारख्या भागांना, तशी मर्यादा नाही. प्रत्येक एक्स्टेन्शनमागे ते चालवणारी एक कंपनी असते, तिला रजिस्ट्री म्हणतात, आणि तिला गुंतवणूक वसूल करायची असते. डॉट शॉप चालवण्याचा हक्क जपानच्या जीएमओ रजिस्ट्रीने २०१६ च्या लिलावात ४ कोटी १५ लाख डॉलर मोजून घेतला. रिन्यूअलचा दर वाढवण्याआधी रजिस्ट्रीला १८० दिवसांची सूचना द्यावी लागते, पण ती तुम्हाला नव्हे, रजिस्ट्रारला, म्हणजे तुम्हाला नाव विकणाऱ्या कंपनीला. त्या मुदतीत जुन्या दराने एकूण दहा वर्षांपर्यंत नाव वाढवून घेता येतं, म्हणून रजिस्ट्रारचे मेल वाचत जा. नावापुढे ‘प्रीमियम’ लिहिलं असेल, तर चढा दर एकदाच आहे की दरवर्षी, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा.

किमतीपेक्षा जास्त त्रास ईमेलचा होतो. एखादं एक्स्टेन्शन फार स्वस्त विकलं गेलं, की फसवे मेल पाठवणारे तिथे हजारोंनी नावं घेतात आणि मेल गाळणाऱ्या यंत्रणा त्या सगळ्या एक्स्टेन्शनकडेच संशयाने बघू लागतात. तुमचं कोटेशन मग गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. मेल खरंच तुमच्याकडूनच आला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी तुमच्या नावावर नीट लावल्या तर धोका कमी होतो, संपत नाही. छापील कार्डं काढण्याआधी जीमेल, आउटलुक आणि एखाद्या कंपनीच्या पत्त्यावर मेल पाठवून बघा. काही जुने ऑनलाइन फॉर्म शेवटच्या टिंबानंतर दोन ते चारच अक्षरं घेतात. रोमन लिपीत डॉट शॉप चार अक्षरांत बसतं, डॉट स्टोअर आणि डॉट ऑनलाइन अडकतात.

त्या नावाच्या डॉट कॉमवर काय आहे, हे उघडून बघाच. तिथे तुमच्याच धंद्यातलं कुणी असेल तर ते नाव सोडून द्या. सवयीने लोक डॉट कॉमच लिहितील, ऑर्डरचे मेल तिकडे जातील आणि ट्रेडमार्कची तक्रार झाली तर नावही हातचं जाईल.

भारतातच विकणाऱ्याला मी आधी डॉट इन सुचवतो. २००५ पासून ते सर्वांना खुलं आहे, लोकांच्या ओळखीचं आहे आणि गूगललाही त्यावरून साइट भारतासाठी आहे हे कळतं. एक्स्टेन्शनमध्ये ‘शॉप’ असल्याने शोधात वरचा क्रमांक मिळतो, हा समज चुकीचा आहे. मोबाइल ॲप बनवणाऱ्यांनी डॉट ॲप जरूर घ्यावं. तिथे एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, सक्तीचं आहे, त्यासाठीचं सर्टिफिकेट नसेल तर ब्राउझर साइट उघडतच नाही. ते सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं.

देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून आहे आणि मला ते मनापासून आवडतं. दुकानाच्या पाटीवर ते लावा, पण मुख्य साइट डॉट इनवर ठेवा आणि डॉट भारत उघडणाऱ्याला तिकडे वळवा. देवनागरी ईमेल पत्ता अजून बऱ्याच ठिकाणी स्वीकारला जात नाही.

एवढं बघूनही नवं एक्स्टेन्शन घ्यायचं ठरलं, तर नोंदणी वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको, स्वतःच्या नावावर करा. ऑटो-रिन्यूअल चालू ठेवा. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा, म्हणजे त्याच वेबसाइटच्या नावाचा, देऊ नका. मुदत संपून डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि नाव परत मिळवण्याच्या सूचना तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत.