हनुवटीवरचे पांढरे केस

बायकांच्या हनुवटीवर केस येतात ही काय सांगत फिरायची गोष्ट नाहीये, पण मला पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा घोळ, आहे आणि पर्समध्ये लिपस्टिकच्या आधी प्लकर असतो, त्यामुळे आता लाज संपली. लेझर करून झालं, काळे जाड केस बरेच गेले पण मधले पांढरे जसेच्या तसे, कारण लेझर केसातला काळा रंग पकडतो आणि इथे रंगच नाही तर तो पकडणार काय, डोंबल! डॉक्टर म्हणाल्या, ह्यांना इलेक्ट्रोलिसिसच, म्हणजे एकेका केसाचं मूळ करंटने जाळायचं.

त्याआधी एका पार्लरमध्ये मी पैसे घालवून बसले होते. तिथे चिमट्यात केस धरून त्यातून करंट सोडायचे, "मॅडम अजिबात दुखत नाही". दुखेल कशाला, केसातून वीज धड जातच नाही, मुळापर्यंत काही पोचतच नव्हतं.

खऱ्या प्रकारात सुई असते, केसाएवढी बारीक. दोन आठवडे थ्रेडिंग बंद, प्लकर बंद, कारण केस मुळासकट उपटला तर सुई घालायची कुठे. नेमकं त्यातच केळवण आलं आणि मावशीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, पार्लर बंद पडलं का तुमच्याकडचं?"

पहिल्या सिटिंगला ताईंनी सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, भिंगाचा दिवा तोंडावर ओढला आणि माझ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक दांडी दिली. ती दांडी म्हणजे पॉझिटिव्ह टोक, सुई निगेटिव्ह. केस ज्या भोकातून येतो त्यातूनच सुई केसाच्या तिरपेपणाने आत सरकवतात, कातडीला भोक पाडत नाहीत, इंजेक्शनसारखं टोचलं तर सुई चुकलीय समजायचं. मग करंट सोडला की तिथल्या मीठ-पाण्याचा कॉस्टिक सोडा होतो, हो तोच, आणि मूळ जळतं. माझं ब्लेंड होतं, म्हणजे सोबत हाय फ्रिक्वेन्सीचा दुसरा करंट उष्णताही देतो. काही सेकंद चुरचुरतं, मग चिमट्याने धरला की केस लोण्यातून काढावा तसा येतो. ओढ लागली तर मूळ अजून जिवंत, परत करंट. असं एकेक करून!! वरच्या ओठाला मात्र डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, तासभर आधी बधिर करायचं क्रीम लावूनसुद्धा.

गंमत म्हणजे हे १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय, आत वळून डोळ्याला टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी. सौंदर्याबिंदर्याचा काही संबंध नव्हता.

नंतर तोंड लाल, बारीक खपल्या. त्या काढायच्या नाहीत, मी एक काढली आणि तो डाग बरेच महिने गेला नाही. आणि सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात, काही झोपलेले असतात ते नंतर उगवतात, म्हणून दर काही आठवड्यांनी परत जायचं, वर्ष सहज जातं. पेसमेकर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊच नका.

गेल्या गुरुवारी अर्ध्या तासाचं सिटिंग होतं, ताई भिंग घेऊन शोधत बसल्या आणि पंधरा मिनिटांत केसच संपले. पैसे मात्र अर्ध्या तासाचेच घेतले.