कूलर थंड हवाच देईना

मार्च लागला की माझा फोन वाजायला सुरू होतो अन् पलीकडून एकच वाक्य येतं, "दादा, कूलर थंड हवाच देईना, बघून जाता का." परभणीत माझं रिपेरिंगचं छोटं दुकान आहे, कूलर, पंखे, मोटर रिवाइंडिंग, आयटीआय करून बसलो त्याला पंचवीस वर्षं होत आली, त्यामुळं मला उन्हाळा कॅलेंडरवरून नाही, वासावरून कळतो. वर्षभर गच्चीवर पडलेल्या कूलरची ताटी काढली की कुबट गवताचा वास येतो, टाकीच्या तळाला बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार खपलीसारखा बसलेला असतो, पंपाच्या जाळीत हमखास एखादी वाळलेली पाल. ते सगळं खरवडायचं, गवत बदलायचं, मोटरला तेल द्यायचं, कंडेन्सर बघायचा आणि जाताना हात जोडून सांगायचं की ताई, अर्थिंग करून घ्या, चालू कूलरमध्ये पाणी टाकू नका. लोक हो हो म्हणतात. करत कुणी नाही. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकची एखादी बातमी येतेच, तरी नाही.

असो, सांगायचं वेगळंच होतं. संध्याकाळी दुकानासमोरच्या बाकड्यावर आमची बैठक असते. एक आमच्या गल्लीतले निवृत्त सर, आयुष्यभर भूगोल शिकवला, मलाही आठवीला तेच होते. दुसरे शेजारचे पंक्चरवाले चाचा. आणि मी, हातात काहीतरी उघडलेलं मशीन घेऊन. मधूनमधून माझी पोरगी, बारावी सायन्सला आहे, डबा घेऊन येते अन् दोन वाक्यं टाकून जाते, मग आम्ही तासभर त्यावर भांडतो. भांडण एकच, ऊन खरंच वाढलंय का. मी म्हणतो वाढलंय.

सरांचं म्हणणं एकच. "परभणीला ऊन नवं हाये का रे? बनी तो बनी नहीं तो परभणी, हे काय थंडीमुळं म्हणतेत का लोक?" मग ते १९७२ वर येतात. मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, रोजगार हमीवर खडी फोडली, तेव्हा कुणाच्या घरात कूलर होता? मी एकदा म्हणालो, सर, ७२ ला पाऊस पडला नव्हता, तो दुष्काळ पावसाचा, आपण बोलायलोत उन्हाचं. सर म्हणाले, तू शिकवू नको मला. चाचा म्हणाले, "गरमी तो गरमी है सर, उसको क्या मालूम कौनसा साल है."

मला वाटलं होतं माझ्याकडं पक्का पुरावा आहे. मी वही ठेवतो, कुणाचा कूलर कधी आला, काय बदललं, किती घेतले. जुन्या वह्यांत सीझनचा पहिला कूलर पाडव्याच्या आसपास दिसतो आणि अलीकडं महाशिवरात्र झाली की रांग. मी मोठ्या तोऱ्यात वह्या बाकड्यावर आपटल्या. सरांनी चष्मा पुसला, दोन पानं चाळली आणि विचारलं, "तवा परभणीत कूलर किती होते अन् आता किती हायेत? गिऱ्हाईक वाढलं म्हणून लवकर यायलं, ऊन वाढलं म्हणून नाही." गप्पच झालो. खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता. वही माझ्या धंद्याची आहे, हवेची नाही.

मग मोबाईलवरचा तो नेहमीचा व्हिडिओ आला, कुणीतरी गाडीच्या बॉनेटवर थर्मामीटर ठेवलाय अन् ५० च्या वर दाखवतोय. यावर मात्र मी आणि सर एका बाजूला, कारण तापमान असं मोजतच नाहीत. ते सावलीत, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर मोजतात, आपल्या कृषी विद्यापीठात आहे तसंच. उन्हातला थर्मामीटर स्वतःच तापलेला असतो, तो हवेचं काय सांगणार. पण मग पेपरात ४३ येतं आणि लोक म्हणतात बघा, उष्णतेची लाट. तीही कागदावर नसते बरं का. हवामान खात्याच्या हिशोबात आपल्यासारख्या सपाट भागात पारा ४० च्या वर पाहिजे आणि सरासरीपेक्षा साडेचार डिग्री जास्त पाहिजे, नाहीतर मग थेट ४५. आमची मे महिन्याची सरासरीच एक्केचाळीस-बेचाळीसच्या घरात, म्हणजे ४३ ला आम्ही भाजलो तरी ती लाट नाही, तो आमचा नॉर्मल मंगळवार.

पोरगी एकदा कार्बन डायऑक्साइडचं सांगत होती. १८९६ ला स्वीडनच्या अऱ्हेनियसनं कागदावर गणित मांडलं होतं की हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, १९५८ ला हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा लाखांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर. सर हसले. "म्हणजे दहा हजारात चार भाग. तेवढ्यानं जग तापतंय व्हय?" इथं मात्र मला बोलता आलं, कारण माझ्या मांडीवर टेबलफॅन उघडा होता. म्हणलं सर, हा कंडेन्सर बघा, करंगळीएवढा, अख्ख्या पंख्याच्या वजनात हिशोबात पण येत नाही, हा गेला की पंखा नुसता गुं गुं करतो, फिरत नाही. आकार बघू नका, काम काय करतो ते बघा. चाचांनी टाळी दिली. सर म्हणाले उदाहरण पुरावा नसतो. ते पण खरंच म्हणा.

सरांची एक गंमत आहे. वादात अडकले की ते म्हणतात, "धूर अमेरिकेनं केला, आपण का भोगायचं?" मी म्हणतो सर, मघापासून तुम्ही झालंच नाही म्हणताय अन् आता अमेरिकेनं केलं म्हणताय, एक काहीतरी ठरवा. पण त्यांच्या रागात खोट नाही. भारतातल्या माणसामागं वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो अन् अमेरिकेतल्या माणसामागं चौदाच्या आसपास, आणि आमच्या मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुराचा काढला तर त्या दोन टनातला किती येईल देव जाणे. दुपारी टोळीवर ऊन मात्र पुरेपूर येतं. आणि आपला धूर पण बघा की, परळीचं थर्मल कोळशावर चालतं, २०१५ च्या जुलैत ते बंद ठेवावं लागलं, का तर धरणांत पाणीच नव्हतं. कोळसा होता, पाणी नव्हतं. नंतरच्या उन्हाळ्यात, १२ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी लातूरला आलं, ते तर सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. सर लगेच म्हणतात, ते उसामुळं. हो, उसामुळं पण. सरासरी पावणेसातशे मिलिमीटर पावसाच्या भागात ऊस लावायचा अन् वर कारखान्यावर कारखाना काढायचा, याला हवामान बदल म्हणून चालत नाही, ती आपली करणी. मला एवढंच म्हणायचंय की आपली करणी आणि जगाची करणी अशा दोन याद्या नसतात, दोन्ही एकाच डोक्यावर पडतात.

रात्रीचं बघा. माझं आजोळ जिंतूर तालुक्यात, मामाचा वाडा माळवदाचा होता. दोन-दोन हात जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलचन अन् त्यावर पांढऱ्या मातीचा वीतभर थर. दुपारी बाराला आत शिरलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, इतकं आत सावळं अन् गार. पण दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागायची, तरी गळायचं, साप-विंचू निघायचे, लाकूड महागलं, माती टाकणारी माणसं राहिली नाहीत. मामानं माळवद पाडून स्लॅब टाकला, गावभर पेढे वाटले. आता तोच मामा मला फोन करतो, "भाच्या, एखादा सेकंडहँड कूलर हाये का रं, रातच्याला स्लॅब आग ओकतोय." सर म्हणतात, बघ, मी काय म्हणत होतो, स्लॅबमुळं. रस्ते मोठे करायला लिंब अन् चिंचा तोडल्या, तसंही आपल्याकडं जंगल औषधाला, त्यामुळं.

पटतं. पण मामाच्या शेतात आखाड्यावर सालगडी झोपतो, तिथं स्लॅब नाही, डांबर नाही, एक लिंबाचं झाड आणि बाज. तो साठीचा माणूस. तो मला म्हणाला, "मालक, आधी उन्हाळ्यात बी पहाटं वाकळ घ्यावी लागायची. आता चार वाजेस्तोवर उघडाच लोळतो." हे सरांना सांगितलं तर ते म्हणाले, म्हातारपणात झोप कमी होते. आता काय बोलणार! पोरगी म्हणाली, पप्पा, जगभर बऱ्याच ठिकाणी दिवसापेक्षा रात्रीचं तापमान जास्त वेगानं वाढलंय, कारण रात्री जमीन जी उष्णता वर सोडते ती हे वायू अडवतात, तुमचा सालगडी बरोबर बोलायलाय. कागदावर कमाल तापमान तेच ४२-४३ राहील अन् माणूस झोपेवाचून मरेल, असं मला वाटायला लागलंय. पेपरवाले मात्र रात्रीचा आकडा कोपऱ्यात छापतात.

मला स्वतःला एकदा ऊन लागलं ते पण सांगून टाकतो. मेमध्ये, दुपारी दोनला, एका गिऱ्हाइकाच्या पत्र्यावर डक्ट बसवायला चढलो होतो, लग्नघर होतं, त्यांना आजच पाहिजे होता. पाना हातात धरवत नव्हता म्हणून दस्ती गुंडाळून काम करत होतो. अर्ध्या तासानं लक्षात आलं की घाम यायचा थांबलाय, आणि मला बरं वाटलं! म्हणलं चला, वारं लागायलं. वारं कसलं, शरीरानं हात टेकले होते. शिडीवरून उतरताना शेवटची पायरी दिसलीच नाही. नंतरचं आठवतं ते दवाखान्यातलं सलाईन आणि बायको खिशातून कांदा काढून डॉक्टरला दाखवत होती की बघा, कांदा तर दिला होता. तेव्हापासून बारा ते चार पत्र्यावर चढत नाही, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. ज्याचं पोट रोजावर आहे त्याला असं म्हणता येत नाही, हेही आहेच.

आता माझ्या विषयाचं, कूलरचं. कूलर म्हणजे दुसरं काही नाही, मशीनचा घाम. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली विजेच्या हिशोबात जवळपास ०.६७ युनिट उष्णता ओढून घेतं, आणि मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला सात-आठ लिटर सहज पितो, म्हणून पाव युनिट विजेत एवढा गारवा. (नळ आठ-दहा दिवसाला येतो तिथं हे पाणी कुठून आणायचं, ते विचारू नका, येलदरी धरण भरलेलं असलं तरी आमचा नळ आपल्या मुहूर्तावरच येतो.) पण हवेत आधीच ओल असली की वाफ होत नाही. हवा ४३ ची आणि ओलावा १५ टक्के असला तर कूलर फार तर बावीस-तेवीसपर्यंत ओढू शकतो. हवा ३८ ची आणि ओलावा ५० टक्के असला तर २९ च्या खाली उतरणं नाही, कितीही भारी खस लावा. आकडा पाच डिग्रीनं कमी आणि त्रास दुप्पट. माणसाच्या घामाचं हेच गणित, ही ओली हद्द, म्हणजे वाफेनं हवा जिथवर थंड होऊ शकते तो आकडा, ३५ ला टेकली की घाम येऊनही उपयोग नाही. आणि हवा जितकी तापते तितकी जास्त वाफ धरते, एका डिग्रीला साधारण ७ टक्के. २०२५ ला मान्सून केरळात २४ मेलाच पोचला, आमच्याकडं पण मे महिना ढगात गेला, माझा सीझन बुडाला, तेव्हा सर म्हणाले होते, कुठं गेलं तुझं ग्लोबल वॉर्मिंग? सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्याखाली गेलं. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, सरांनाही कळतं, पण सोयीचं वर्ष असलं की आम्ही दोघंही ते वापरतो.

मृगाच्या तोंडावर चार-आठ दिवस असं चिकचिक उकडायचंच, ते जुनंच आहे. पण हल्ली मे अर्धा गेला की फोन सुरू होतात, मोटर चालू, पंप चालू, पाणी पडतंय, गवत नवं, अन् हवा थंड नाही. मी जाऊन बघतो, काही बिघडलेलं नसतं. व्हिजिटचे शंभर रुपये मागायला लाज वाटते.

परवा रात्री साडेदहाला शटर ओढत होतो तर सर आले. सोबत नातू, हातगाडीवर कूलर. मॅडमना दोन रात्री झोप नाही, बीपी वाढलंय. ढग भरून आलेले, लिंबाचं पान हलत नव्हतं. मी कूलर आत घेऊन चालवून बघितला, पंप मस्त, मोटर मस्त, कंडेन्सर मी स्वतःच मार्चमध्ये नवा टाकलेला. समोर हात धरला, वारा होता, गारवा नव्हता.

"कूलर ठीक आहे, सर."

"मग थंड का करंना?"

मी वर ढगांकडं बोट केलं. सर थोडा वेळ बघत राहिले, मग नातवाला म्हणाले, गाडी घे. दुकानाच्या पायरीवरून परत फिरले आणि म्हणाले, "तरी तू मोटर बदलूनच टाक. जुनी झालीय ती."