रिकामी दिसणारी सिस्टर

ड्यूटी चार्ट मी लावते, त्यामुळे शिव्याही मीच खाते. कुणाला नाइट नको, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाला गौरींना गावी जायचंय. ते सगळं निभतं. साहेब लोकांना एक गोष्ट मात्र पटवता येत नाही: दुपारी तीन वाजता ट्रायाजच्या टेबलावर मोकळी दिसणारी सिस्टर फुकट बसलेली नसते.

कॅज्युअल्टीच्या दारातच पेशंट बघून लाल, पिवळा की हिरवा, म्हणजे कुणाला आधी घ्यायचं आणि कोण थांबू शकतो, हे ठरवायचं, हे तिचं काम. नाडी, बीपी, ऑक्सिजन, दोन-चार नेमके प्रश्न. पेशंटमागे 5 मिनिटं धरा. तासाला 12 होतात. मग 11 आले तरी एक सिस्टर पुरे, असा साहेबांचा हिशेब.

माझी भाची स्टॅटिस्टिक्स शिकते. तिने रविवारी पोहे खाता खाता रांगेचं गणित मांडून दाखवलं. एर्लांग नावाच्या डॅनिश माणसाने 1909 च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी त्याचा पाया घातला म्हणे. पेशंट काही नंबर लावून येत नाहीत. कधी बराच वेळ चिटपाखरू नसतं, तर कधी एकाच रिक्षातून तिघं उतरतात. शिवाय 5 मिनिटं ही सरासरी, कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. ते सगळं धरलं, तर तासाला 6 पेशंट असताना सरासरी 5 मिनिटं थांबावं लागतं, 10 झाले की 25 आणि 11 झाले की थेट 55. “आणि मावशी, दुसरी सिस्टर दिलीस ना, तर 55 ची दीड मिनिटंसुद्धा उरत नाहीत.”

छातीत दुखत असेल तर आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. पण “छातीत दुखतंय” असं सांगतो कोण? डायबेटिसचे आजोबा येतात, बनियन घामाने अंगाला चिकटलेलं, आणि वर म्हणतात, “काही नाही हो, सकाळची मिसळ बाधली.” मुलगा बाहेर पार्किंग शोधत फिरतोय. हा हार्ट अटॅक असू शकतो. अशा माणसाला रांगेतून हेरायला सिस्टरची मान वर असावी लागते. ती व्हीलचेअर शोधत असेल, नाहीतर “एक्स-रे कुठंय?” याची उत्तरं देत असेल, तर संपलंच.

आमची खरी गर्दी संध्याकाळी सहानंतर. ओपीडी बंद, माणसं कामावरून घरी, आणि पावसाळा सरता सरता डेंग्यूचे ताप. नेमकी त्यातच रात्री आठला ड्यूटी बदलते. ऐन गर्दीत जाणारी आणि येणारी, दोघी ओव्हर (पेशंटची माहिती) देण्या-घेण्यात! (हे वेळापत्रक कुणी ठरवलं, देव जाणे.) म्हणून चार ते दहा अशी एक मधली ड्यूटी मी मागितली आहे.

लगेच प्रश्न आला, “एकच तर खुर्ची, माणसं किती लागतील?” चोवीस तासांची खुर्ची म्हणजे आठवड्याचे 168 तास. माणशी 48 धरले तरी साडेतीन जणी, आणि रजा-आजारपण धरलं की पाच. मी मागतेय ते रोजचे फक्त 6 तास, म्हणजे आठवड्याला 42. एक सिस्टर, आणि तिच्या सुट्टीला बदली.

मेट्रन मॅडम गणपती ते दिवाळी करून बघू म्हणाल्यात. आता घोडं अडलंय ते रात्री दहाला सुटणाऱ्या सिस्टरच्या घरी जाण्यावर. आळीपाळीने ज्या तिघी करणार, त्यांतल्या दोघी वारज्याच्या, एक धायरीची. बसच्या भरवशावर मी त्यांना सोडणार नाही. हॉस्पिटलची गाडी मिळते का, ते उद्या ट्रान्सपोर्टला विचारायचंय.