पहिलंच सर्टिफिकेट उचललं, आणि तेच चुकीचं

जळगाव एमआयडीसीतल्या एका दाळमिलची पेमेंट फाइल बँकेच्या सर्टिफिकेटने एन्क्रिप्ट होऊन जाते; त्यातल्या पब्लिक कीने बंद केलेलं फक्त बँकेच्या खाजगी कीनेच उघडतं. मुदत संपत आली म्हणून बँकेने मेलवर नवी सीईआर फाइल पाठवली. ती बसवली आणि सगळी पेमेंटं 'डिक्रिप्शन फेल' म्हणून परत. आपल्या प्रोग्रामच्या लॉगमध्ये एक एरर नाही. तिकडे चाळीसगाव-अमळनेरच्या हरभरा व्यापाऱ्यांचे पैसे अडकलेले आणि अकाउंटंटचा फोन, "भाऊ, काय व्हयनं?"

एरर आली असती तर सोपं होतं. फाइलच्या नावावर विसंबायचंच नाही, आधी बाइट्स बघायच्या. विंडोज एकाच सीईआर नावाने दोन्ही प्रकार देतं. डीईआर, म्हणजे बायनरी रूप, असेल तर सुरुवात बहुतेक हेक्स ३० ८२. पेम म्हणजे त्याच बाइट्सचं बेस६४, साध्या अक्षरांतलं रूप, म्हणून मजकूर 'एमआयआय'ने सुरू होतो, वर-खाली पाच-पाच हायफनच्या ओळी. वर्डमधून कॉपी-पेस्ट केलं की हायफनांचे लांब डॅश होऊ शकतात आणि मग पायथनची क्रिप्टोग्राफी लायब्ररी व्हॅल्यूएरर देते. फाइल 'आरबी'ने (बायनरी मोडमध्ये) न उघडता बाइट्सऐवजी स्ट्रिंग दिली तरी ती अडते. हे सगळे दोष बोंब मारतात, म्हणून लवकर सापडतात.

इथे पेम अगदी शुद्ध होतं, फक्त आत चार सर्टिफिकेटं होती. लायब्ररीचं एकवचनी, एकच सर्टिफिकेट देणारं लोड फंक्शन पहिलं वाचतं आणि बाकीची मुकाट सोडून देतं. बँकेने साखळी (स्वतःचं सर्टिफिकेट आणि त्यावर सही करणाऱ्या वरच्या संस्थांची) उलटी लावलेली: सगळ्यात वर सीसीए इंडियाचं, म्हणजे देशातल्या सर्टिफिकेट-संस्थांच्या नियंत्रकाचं, रूट; सब्जेक्ट आणि इश्यूअर एकच, म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेलं. म्हणजे सेशन की (फाइल बंद करणारी तात्पुरती की) चक्क रूटच्या पब्लिक कीने बंद होत होती. रूटच्या की-यूसेजमध्ये सर्टिफिकेट आणि सीआरएलवर (रद्द सर्टिफिकेटांच्या यादीवर) सही एवढंच काम लिहिलेलं असतं, पण पब्लिक की काढून एन्क्रिप्ट करताना लायब्ररी ते विचारत नाही. चाचणीला एकच सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट होतं, तिथे हे दिसणार कसं!

लायब्ररीच्या आवृत्ती ३९ पासून अनेकवचनी फंक्शन आहे, ते पूर्ण यादी देतं. तीतून बेसिक कन्स्ट्रेंट्स या एक्स्टेन्शनमध्ये सीए (इतरांना सर्टिफिकेट देणारी संस्था) नसलेलं निवडायचं. ते एक्स्टेन्शनच नसलं तर एक्स्टेन्शन-नॉट-फाउंड एरर येते, तीही पकडायची. इश्यूअरची सही ४० पासूनच्या 'व्हेरिफाय डायरेक्टली इश्यूड बाय'ने तपासायची. मुदतीसाठी ४२ मधला यूटीसीवाला गुणधर्म घ्यायचा, कारण १८:३० यूटीसी म्हणजे आपली मध्यरात्र.

शेवटी सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट (त्याच्या बाइट्सवरून काढलेली छोटी खूण) बँकेकडून स्वतंत्रपणे ताडून घ्यावा. हेल्पडेस्कला तो मागितला तर उत्तर आलं, "सर्टिफिकेट करेक्ट आहे, कॅश क्लिअर करा." फिंगरप्रिंट म्हणजे काय हेच त्या खुर्चीला माहीत नव्हतं.

एकवचनी फंक्शनने जास्त सर्टिफिकेटं दिसताच थांबायला हवं का, हे अजून माझं ठरत नाही. टीएलएसच्या (वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीच्या) फाइलींत स्वतःचं सर्टिफिकेट वर ठेवायची रीतच आहे; त्यावर बेतलेला कितीतरी चालू कोड त्याने मोडेल. निदान एक वॉर्निंग तरी द्यायला काय हरकत होती?