काकू, ओढू नका

मी कुत्र्यांना वळण लावायला शिकवतो. कोथरूडच्या एका सोसायटीतून काकूंचा फोन आला. घरी रॉटवायलर जातीचा कुत्रा, ब्रुनो, वजन पन्नास किलोच्या आसपास. त्याला फिरवताना काकांचा खांदा निखळला होता आणि आता सगळी भिस्त काकूंवर. "माझ्यात तेवढी ताकद नाही हो," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

सकाळी सातच्या आत पोचलो. उन्हाळ्यात नंतर डांबर तापतं, पंजे भाजतात. ब्रुनोच्या गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी होती; तगड्या कुत्र्याला तीच लागते, असं कुणीतरी सांगितलेलं. ती आधी काढायला लावली. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. कुत्रा ओढतो तेव्हा चेन श्वासनलिका दाबते. शिवाय समोर दुसरं कुत्रं दिसलं की दरवेळी गळा आवळला जात असेल, तर दुसरं कुत्रं दिसणं म्हणजे दुखणं, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. मग तो भुंकतो, झेपावतो आणि लोक म्हणतात, जातच तापट.

ही जात जर्मनीतल्या रॉटवाइल गावची. गुरं हाकायला आणि खाटकांच्या गाड्या ओढायला ही कुत्री वापरत. अशा कुत्र्याला तुम्ही मागे खेचलंत की तो पुढे आणखी जोर लावणार. त्यात त्याची मस्ती नसते. आणि ओढल्यावर तो हव्या त्या झाडापाशी पोचत असेल तर त्याने ओढणं का सोडावं?

छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगावर बसणारा पट्टा घातला, त्याला सहा फुटी लीश, म्हणजे हातात धरायची दोरी लावली. काकू लीश मनगटाला गुंडाळत होत्या. ती सवय आधी मोडली, झटका बसला तर बोटं मोडतात, माणूस फरफटतो. अंगठ्यात फास, दोन्ही हात पोटाशी. खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे. नियम एकच: लीश ताणली की थांबायचं, सैल झाली की चालायचं. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही. चिकन द्यायचं ते आपल्या गुडघ्यालगत, कारण जिथे खाऊ मिळतो तिथे कुत्रा रेंगाळतो.

पार्किंगमध्येच सुरुवात केली. एका स्कूटरच्या टायरकडे ब्रुनोने झेप घेतली. काकू थांबल्या. तो पूर्ण वजन टाकून उभा, धापा टाकतोय, नाक टायरकडे. मी काकूंना म्हटलं, काही करू नका, नुसत्या उभ्या राहा. बराच वेळ गेला. मग त्याचा एक कान मागे वळला. भार मागच्या पायांवर गेला आणि हार्नेसवरचा हुक खाली लोंबला. "चला, आता टायरकडेच चला!" मी म्हणालो. काकू चकित झाल्या, पण वास घेऊ देणं हीच त्याची खरी कमाई. पुढच्या गाडीपाशी तो लवकर थांबला, त्यापुढच्या गाडीपाशी वळून काकूंकडे बघितलं.

गेटपाशी मात्र परीक्षा झाली. बाहेर टपरीखालची दोन भटकी कुत्री उठून उभी राहिली. ब्रुनो ताठ झाला, तोंड मिटलं. काकूंचे हात आपोआप मागे जायला लागले.

"काकू, ओढू नका. वळा. त्याला हाक मारा आणि चालू लागा."

त्या वळल्या आणि तोही वळला. मग आम्ही ती कुत्री दिसतील पण ब्रुनो खाऊ घेऊ शकेल, इतक्या अंतरावर थांबलो. चिकन नाकाशी असूनही कुत्रा घेत नसेल तर आपण फार जवळ आहोत, हे मी दर घरी सांगतो. तिथे त्याने भटक्यांकडे पाहिलं, मग मान वर करून काकूंकडे. त्यांनी लगेच तुकडा दिला. काका बाल्कनीतून झोळीतला हात सांभाळत बघत होते, "अगं, त्याने तुझ्याकडे बघितलं!" असं वरून ओरडले.

जाताना बजावलं की आठवडाभर फक्त पार्किंग, आणि नातवाने फिरवलं तरी नियम हाच. एकाने ओढू दिलं की बाकीच्यांची मेहनत वाया.

"आणि वेताळ टेकडीवर कधी न्यायचं?" काकूंनी विचारलं.

"तिथे मोर आहेत, काकू. आधी गेटबाहेरची टपरी पार करू."