सुधारित आराखडा आणि तलावाचा येवा

भंडारा जिल्ह्यात एका शहराच्या हद्दीला लागून असलेल्या खेड्याच्या शिवारात निवासी संकुल उभे राहणार होते आणि त्याच्या सुधारित आराखड्याचे पर्यावरणीय मूल्यमापन करणाऱ्या चमूत पाण्याचा विषय माझ्याकडे होता. मूळ आराखड्यातील बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटरच्या आत बसत असल्यामुळे 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीची गरज पडली नव्हती. सुधारित आराखड्यात मजले वाढले, एकाऐवजी दोन तळघरे आली, मोकळ्या मैदानाच्या जागी फरसबंद वाहनतळ आला आणि ती मर्यादा ओलांडली गेली. वाढीव बांधकामापुरताच परिणाम मोजावा, असा विकासकाच्या माणसांचा आग्रह होता. तो मला मान्य नव्हता, कारण पाऊस सगळ्या जागेवर पडतो आणि त्याचे पाणी एकाच उताराने वाहून जाते.

हा उतार कोणत्या दिशेला आहे, हाच कळीचा प्रश्न होता. पर्यावरण मंजुरीच्या अर्जासोबतच्या फॉर्म 1अ मध्ये नैसर्गिक निचऱ्यात काही बदल होणार आहे का, असे स्पष्ट विचारलेले असते. त्यापुढे, पाणी रस्त्याकडेच्या नाल्यात जाते, असे उत्तर लिहून आले होते. ते तपासण्यासाठी मी मुद्दाम जुलैतला, पावसाची झड लागलेला दिवस निवडला.

शिवारात धानाची रोवणी सुरू होती. जागेच्या खालच्या अंगाला माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातला तलाव आहे. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव जुन्या पिढ्यांनी बांधले आणि आजही त्यांच्यावर धान आणि मासेमारी चालते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक वयस्क ढीवर (मासेमारी करणाऱ्या समाजातले) भेटले. मी त्यांना नकाशा दाखवून विचारले, "काका, या जागेचे पाणी रस्त्याकडे जाते का?" त्यांनी नकाशाकडे पाहिलेही नाही. "रस्त्याकडे नाही जात जी मॅडम. पहिले बांध्यांत येते, मग तलावात. चला, दाखवतो."

आम्ही पाण्याच्या मागे चालत निघालो. गढूळ पाणी जागेच्या कोपऱ्यातून निघून धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला लागत होते, एका बांधीतून (धानाच्या शेताच्या तुकड्यातून) दुसऱ्या बांधीत उतरत होते आणि बेशरमीच्या झुडपांमधून तलावात शिरत होते. रस्त्याखालच्या मोरीपाशी गेलो, तेव्हा सिमेंटच्या पाईपचा तळ शेताच्या पातळीपेक्षा हातभर उंच दिसला आणि त्याच्या तोंडाशी वाळलेला गाळ साचलेला होता. एवढ्या पावसातही त्यातून पाण्याचा थेंब गेला नव्हता. सर्वेक्षकाने ऑटो लेव्हल हे पातळी मोजण्याचे उपकरण लावून घेतलेल्या पातळ्यांनीही तेच सांगितले. हा रस्ता नंतरच्या काळात उंच केला गेला असावा आणि मोरी नावालाच उरली असावी, असा माझा अंदाज आहे.

त्या एका गोष्टीने सगळे गणित बदलले. एक हेक्टर जागेवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी होते. फरसबंदी केल्यावर त्यातले बहुतेक पाणी लगेच वाहू लागते आणि वाहनतळावरचे तेल सोबत घेऊन जाते. त्याहून मला सांडपाण्याची चिंता अधिक वाटली. माणशी दररोज 135 लिटर पाणी धरले, तर साधारण 80 टक्के, म्हणजे 108 लिटर सांडपाणी होते. प्रक्रिया केलेल्या पाण्यातले 45 लिटर शौचालयांत परत वापरता येते आणि उरलेले बागेला देऊ, असे आराखड्यात मांडले होते. उन्हाळ्यात ते चालेल, पण पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही. हजार रहिवासी धरले, तर दररोज साठ हजार लिटरच्या घरात पाणी उरते आणि ते येव्याच्या, म्हणजे तलावात येणाऱ्या पाण्याच्या वाटेने तलावात जाते. मानकात बसणाऱ्या पाण्यातही नत्र आणि स्फुरद उरू शकते आणि साचलेल्या पाण्यात त्यावर जलपर्णी माजते. दुसऱ्या तळघराच्या खोदाईसाठी भर पावसाळ्यात उपसा करावा लागला असता, तो वेगळाच.

इमारत प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही. म्हणून मूल्यमापन करणाराच गावात गेला नाही, तर गावाचे म्हणणे कागदावर येण्याची दुसरी वाट फारशी उरत नाही, आणि ही उणीव मला फार खटकते. काकांनी निघताना आणखी एक गोष्ट बजावली: "सगळेच पाणी वळवू नका जी, तलाव कोरडा पडेल." पाणी दूर नेऊन प्रश्न मिटवावा, असे वास्तुविशारदांनी सुचवले होते; त्याला याहून नेमके उत्तर मला देता आले नसते.

अहवालात मी पूर्ण जागेचा एकत्रित विचार केला, पावसाळ्याचा जलताळेबंद स्वतंत्र मांडला आणि पातळ्यांचा नकाशा सर्वांत पुढे ठेवला. बरीच वादावादी झाल्यावर दुसरे तळघर वगळले गेले. मैदानाचा काही भाग मोकळा ठेवून तिथे पावसाचे पाणी थोपवायचे, गाळ बसू द्यायचा आणि मगच ते तलावाकडे सोडायचे, असे ठरले. उरलेल्या प्रक्रियायुक्त पाण्यासाठी तलावाच्या सांडव्याच्या खालच्या अंगाला पाणी सोडणारी वेगळी वाहिनी मंजूर झाली. सोसायटीकडे ताबा गेल्यावर त्या वाहिनीची आणि प्रक्रिया केंद्राची देखभाल कोणाच्या खर्चाने होणार, हे मात्र अजून कागदावर आलेले नाही, आणि ते विक्री करारातच लिहून घ्यावे, हा आग्रह मी सोडलेला नाही.