क्रीटला किती दिवस ठेवायचे? तुम्ही विचारलंत म्हणून

ग्रीसचा बेत ठरला की ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतं. प्रश्न ठरलेला असतो: "अथेन्सला दोन दिवस, सँटोरिनीला दोन. मग क्रीटला तीन पुरतील ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज नीट लिहून काढते.

तीन पुरत नाहीत. आठ-दहा दिवस काढा, आणि तेवढे काढूनही अर्धंच बेट बघा. तीनच निघत असतील तर पश्चिमेकडच्या हानिया शहरात मुक्काम टाका आणि तिथून लांब कुठे जाऊ नका. (इंग्रजी नकाशात ते 'चानिया' वाटेल, तिथले लोक हानिया म्हणतात.)

नकाशात क्रीट एका बोटाएवढं दिसतं, तिथेच फसगत होते. भूमध्य समुद्रातलं ते पाचव्या क्रमांकाचं मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी साधारण 260 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघालात तर कोल्हापूर मागे टाकून निपाणीच्या आसपास पोचाल. मधोमध डोंगरांची रांग. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, तिथलं प्सिलोरितिस 2,456. हमरस्ता उत्तर किनाऱ्याने जातो. दक्षिणेच्या समुद्राकडे उतरायचं म्हणजे घाट, आणि वळणावर शेळ्या.

पहिल्या वेळी आम्ही पाच दिवसांत दोन्ही टोकं गाठायला निघालो. मुक्काम बेटाच्या मधोमध, उत्तर किनाऱ्यावरच्या हेराक्लिओन शहरात. एके दिवशी पश्चिमेला एलाफोनिसीची गुलाबी छटेची वाळू बघायला गेलो. जाऊन येऊन सव्वाचारशे किलोमीटर, आणि पाण्यात जेमतेम दीड तास. मुलगी परतताना गाडीत रडून रडून झोपली. दुसऱ्या दिवशी पूर्वेला वाईच्या खजुराच्या बनाकडे तसंच. फोटो सगळे आले. पण त्या पाच दिवसांतलं मला आठवतं ते गाडीच्या काचेतून दिसलेलं.

म्हणून दुसऱ्या वेळी दहा दिवस काढले, फक्त पश्चिमेसाठी. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट घेतली. पहाटे हानियाजवळच्या सूदा बंदरात उतरलो तेव्हा समोर 'श्वेत पर्वत' उजळत होता. अथेन्सहून विमानही आहे, पण बोटच घ्या. हॉटेलची एक रात्र वाचते आणि बेटाचा आकार पहिल्याच सकाळी कळतो.

क्नोसोस, म्हणजे तिथल्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष, हवंच असेल तर हेराक्लिओनला दोन रात्री जोडा. पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने 1900 साली तिथे उत्खनन सुरू केलं आणि पुढे राजवाड्याचे काही भाग काँक्रीटने पुन्हा उभे केले. लाल खांब बघून मुलं खूश होतात, पण जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे कळेनासं होतं. मूळ भित्तिचित्रं शहरातल्या संग्रहालयात आहेत, ते चुकवू नका. माझं मन मात्र फेस्तोसच्या, तशाच दुसऱ्या प्राचीन राजवाड्यात रमलं. टेकडीवरचे उघडे अवशेष, खाली मेसाराचं सपाट रान. 1908 साली तिथे सापडलेल्या मातीच्या चकतीवरची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही.

सामारियाची घळ चालायची असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: भाड्याची गाडी वर नेऊन लावू नका. वाट ओमालोसच्या पठारावरून सुरू होते, 16 किलोमीटर उतरते आणि अगिया रूमेलीला समुद्रावर संपते. त्या गावाला गाडीरस्ताच नाही. तिथून बोटीने सूगिया किंवा होरा स्फाकियोन गाठायचं आणि पुढे बस. गाडी वर राहिली तर तुम्ही डोंगराच्या भलत्याच बाजूला अडकता. पायात चांगले बूट हवेत, उताराने गुडघे बोलायला लागतात. सोबत वयस्कर मंडळी असतील तर त्यांना सरळ बोटीने लूत्रोला न्या. तिथेही गाडी पोचत नाही, पण चालायची सक्ती नाही.

घळ साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते. आपली मे महिन्याची सुट्टी त्यात बरोबर बसते: डोंगरावर अजून बर्फाचे पट्टे, खाली फुलं, पाणी मात्र गार. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात गेली तर घळ बंद आणि पुष्कळ हॉटेलंही. जुलै-ऑगस्ट मी कुणालाच सुचवत नाही. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढूनच निघा.

शाकाहाराची चिंता करू नका. 'निस्तिसिमो' हा शब्द पाठ करा. ते त्यांचं उपासाचं जेवण, मांस, अंडी, दूध काही नाही. मात्र कोळंबी आणि माकुळ त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं विचारून घ्या. 'दाकोस' म्हणजे जवाचा कडक पाव, वर किसलेला टोमॅटो, ताजं चीज आणि ऑलिव्हचं तेल. आम्ही तो रोज खाल्ला.

आणि 'व्लिता'. जूनचा पहिला आठवडा होता, आई सोबत होती. हानियाच्या वरच्या अंगाला एका गावात उतरलो होतो. मालकीणबाईंनी उकडलेल्या पालेभाजीचं ताट ठेवलं, वर तेल आणि लिंबू. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, हा तर माठ!" खरंच, व्लिता माठाच्याच कुळातली. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, आईला ग्रीक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आईला हाताला धरून परसात घेऊन गेल्या आणि दोघी दुपारपर्यंत भाजी खुडत, निवडत बसल्या. आईने खुणांनीच विचारलं, लसणाची फोडणी का नाही? बाईंनी लसूण आणला, आईने फोडणी दिली. त्या दिवशी आम्ही कुठेही गेलो नाही. तो आमचा आठवा दिवस होता.